अन्याय्य इमिग्रेशन नियमांविरुद्ध अमेरिकी नागरिकांनी आपले म्हणणे कसे मांडावे

अमेरिकेत इमिग्रेशनचा एखादा नवा नियम येऊ घातला, की मराठी घरांत त्याची चर्चा लगेच सुरू होते. पण ती बहुधा व्हॉट्सॲपच्या गटांपलीकडे जात नाही. ज्यांच्यावर तो नियम कोसळणार असतो ते एच-१बी (नोकरीचा), एच-४ (एच-१बीधारकांच्या जोडीदारांचा व मुलांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असतात. त्यांना मताचा अधिकार नसतो, आणि आपले नाव नको तिथे नोंदले जाईल या धास्तीने ते गप्प राहतात. ज्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली आहे त्यांना ही धास्ती बाळगण्याचे तेवढे कारण नसते, परंतु स्वतःच्या कागदपत्रांची विवंचना मिटली की या विषयाशी असलेला त्यांचा संबंधही हळूहळू सुटत जातो. ही गोष्ट मला मनापासून खटकते, कारण सामान्य माणसाने काय लिहिले आहे याचा विचार करणे सरकारला भाग पडावे अशी व्यवस्था या देशाच्या कायद्यात आहे, आणि तिथे वेळेत, नेमकेपणाने आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेले एक पानही नोंदीत कायम राहते.

सर्वांत आधी समोरची गोष्ट नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे, कारण प्रत्येक प्रकाराचा दरवाजा वेगळा आहे आणि चुकीच्या दारावर केलेला धावा वाया जातो. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांची वर्षाला सुमारे १,४०,००० ही संख्या आणि कोणत्याही एका देशाला त्यातील साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, संमत केलेल्या कायद्यात आहेत. इमिग्रेशनचा कारभार पाहणाऱ्या होमलँड सिक्युरिटी खात्याने मनात आणले तरी ते त्या बदलू शकत नाही. याउलट काही एच-४ व्हिसाधारक जोडीदारांना २०१५ पासून मिळणारी कामाची परवानगी ही खात्याने केलेल्या नियमातून आली आहे, म्हणून ती नव्या नियमाने काढूनही घेता येते. तिसरा प्रकार राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेचा. नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर आकारण्याचा १९ सप्टेंबर २०२५ चा आदेश अशाच घोषणेने आला, आणि अशा घोषणेआधी जनतेची मते मागवावी लागत नाहीत. तेव्हा कायद्यासाठी काँग्रेस, नियमासाठी संबंधित खाते, आणि घोषणेसाठी काँग्रेस व न्यायालय, असा हिशेब मनात पक्का असावा.

या तिन्हींपैकी खात्याच्या नियमांबाबत नागरिकाला सर्वांत जास्त करता येते आणि तिथेच आपली माणसे सर्वांत कमी दिसतात, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

१९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार खात्याला नवा नियम करायचा असेल, तर सामान्यतः त्याचा मसुदा फेडरल रजिस्टर या सरकारी दैनिकात प्रसिद्ध करून लोकांकडून लेखी अभिप्राय मागवावे लागतात. मुदत बहुधा ३० किंवा ६० दिवसांची असते. अभिप्रायांत उपस्थित झालेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांचा विचार करून खात्याला अंतिम नियमाच्या प्रस्तावनेत त्यांची उत्तरे द्यावी लागतात. हा केवळ उपचार नाही. प्रश्नाच्या एखाद्या महत्त्वाच्या बाजूकडे खात्याने दुर्लक्ष केले असेल तर तो निर्णय मनमानी ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मोटारींतील सुरक्षासाधनांविषयीच्या एका खटल्यात सांगितले, आणि इमिग्रेशनच्या खटल्यांत वकील आजही त्याच निकालाचा आधार घेतात. लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या तरुणांना संरक्षण देणारी डाका ही योजना ज्या पद्धतीने बंद करण्यात आली ती पद्धत जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी बेकायदा ठरवली. त्या योजनेवर भिस्त ठेवून लोकांनी शिक्षण, नोकऱ्या आणि संसार उभे केले होते, याचा खात्याने विचारच केला नव्हता, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. त्यामुळे जुन्या नियमाच्या भरवशावर आपण किंवा आपल्या माणसांनी काय काय उभे केले, हे अभिप्रायात लिहिणे म्हणजे रडगाणे नव्हे. न्यायालयाला ज्याची दखल घ्यावी लागते असा तो मुद्दा आहे.

नियम येणार आहे हे वेळेवर कळणे हीच पहिली अडचण असते. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, सरकार आगामी नियमांची एकत्रित सूची प्रसिद्ध करते; तिच्यात होमलँड सिक्युरिटी आणि कामगार खात्याचे काय चालले आहे ते आधीच दिसते. फेडरल रजिस्टरच्या संकेतस्थळावर यूएससीआयएस हा इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारा विभाग निवडून ईमेलची वर्गणी घेतली, तर मसुदा प्रसिद्ध झाल्याबरोबर सूचना येते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. या दोन गोष्टी प्रत्येक महाराष्ट्र मंडळातील एका तरी माणसाने आपल्याकडे घ्याव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कधीकधी खाते तातडीचे कारण पुढे करून नियम आधी लागू करते आणि अभिप्राय नंतर मागवते. कामाच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केलेला असताना जुना परवाना आपोआप वाढत असे. ती सवलत ३० ऑक्टोबर २०२५ पासून अशाच अंतरिम नियमाने नव्या अर्जदारांसाठी काढून घेण्यात आली. ‘नियम तर लागू झाला, आता लिहून काय उपयोग’ असे अशा वेळी वाटणे साहजिक आहे, तरीही लिहावे. ऑक्टोबर २०२० मध्ये एच-१बीच्या किमान वेतनाबाबत आणि पात्रतेबाबत घाईने काढलेले अंतरिम नियम कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने १ डिसेंबर २०२० रोजी रद्द केले, ते लोकांना आधी न विचारण्याइतके सबळ कारण सरकारकडे नव्हते म्हणून.

आता प्रत्यक्ष अभिप्रायाकडे वळू. तो रेग्युलेशन्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर द्यायचा असतो. प्रत्येक मसुद्याला डॉकेट क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा नोंदणी क्रमांक, असतो. तो फेडरल रजिस्टरमधून जसाच्या तसा उतरवून घ्यावा. संकेतस्थळावरील चौकटीत ५,००० अक्षरांपर्यंतच मजकूर मावतो, म्हणून सविस्तर लिहायचे असेल तर ते पत्राच्या स्वरूपात वेगळे तयार करून पीडीएफ जोडावी आणि चौकटीत दोन-तीन वाक्यांचा सारांश द्यावा. होमलँड सिक्युरिटी खाते अभिप्राय इंग्रजीत किंवा इंग्रजी भाषांतरासह मागते. घरातील ज्येष्ठांना इंग्रजीत लिहिणे जड जात असेल, तर त्यांनी मराठीत लिहावे आणि सोबत भाषांतर जोडावे. मुलांजवळ राहायला आलेल्या आजी-आजोबांचे म्हणणे मुलांनी आपल्या शब्दांत लिहून टाकण्यापेक्षा हे कितीतरी चांगले.

मजकूर कसा असावा हे एका उदाहरणाने दाखवतो. विद्यार्थी व्हिसावरील मुक्काम अभ्यासक्रम संपेपर्यंत न ठेवता जास्तीत जास्त चार वर्षांपुरता बांधून टाकण्याचा आणि पुढे प्रत्येकाने यूएससीआयएसकडे मुदतवाढीचा अर्ज करण्याचा प्रस्ताव होमलँड सिक्युरिटी खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला होता. जवळपास तसाच प्रस्ताव २०२० मध्ये येऊन २०२१ मध्ये मागे घेतला गेला होता. समजा अशा मसुद्यावर कुणी लिहिले की ‘हा नियम परदेशी विद्यार्थ्यांवर अन्याय करणारा आहे, कृपया तो मागे घ्यावा’. त्यात खोटे काही नाही, पण उत्तर द्यावे असेही काही नाही. खाते अशी हजार पत्रे एका ओळीत गुंडाळून बाजूला ठेवू शकते. आता विद्यापीठात शिकवणाऱ्या एखाद्या नागरिक बाईंनी पुढीलप्रमाणे लिहिले अशी कल्पना करा:

‘मी अमेरिकेची नागरिक असून सार्वजनिक विद्यापीठात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा चालवते. माझ्या सहा पीएचडी विद्यार्थ्यांपैकी चार एफ-१ व्हिसावर आहेत, आणि माझ्या विभागात पीएचडी चार वर्षांत पूर्ण होत नाही. प्रस्तावित नियमामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंधाच्या अखेरच्या टप्प्यावर, जेव्हा प्रयोग थांबवणे सर्वांत महागात पडते तेव्हाच, निकाल कधी लागेल हे ठाऊक नसलेला अर्ज करावा लागेल. माझ्या प्रयोगशाळेचा खर्च संघीय अनुदानातून चालतो; प्रयोग खंडित झाल्यास वाया जाणारा पैसा अमेरिकी करदात्याचा असेल. हा खर्च खात्याने आपल्या अंदाजात धरलेला मला आढळला नाही. खात्याचा हेतू गैरवापर रोखण्याचा असेल, तर पीएचडीसाठीची मुदत विद्यापीठाने आय-२० या विद्यार्थ्याला दिलेल्या दाखल्यावर नमूद केलेल्या अभ्यासक्रमाच्या कालावधीइतकी ठेवावी.’

या परिच्छेदात लिहिणारी कोण आहे हे आहे, मसुद्यातील कोणत्या तरतुदीबद्दल ती बोलते आहे हे आहे, नुकसान कुणाचे आणि कशाने होईल हे आहे, खात्याने काय विचारात घेतले नाही ते आहे, आणि शेवटी पर्यायही आहे. पर्यायाला मी विशेष महत्त्व देतो. खात्यासमोर वाजवी पर्याय ठेवलेला असताना त्याने तो का नाकारला हे सांगितले नाही, तर पुढे न्यायालयात त्याला ते जड जाते. आपला व्यवसाय कोणताही असो, आपल्याला जे जवळून दिसते ते वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्याला दिसत नाही. दवाखान्यात परदेशी डॉक्टर नसले तर रात्रपाळी कुणी करायची, छोट्या कंपनीतील एका अभियंत्याचा परवाना अडकल्याने कोणते काम थांबले, बहिणीची नोकरी गेल्यावर घराचा हप्ता कसा तुंबला, हे तारखा आणि रकमांसह लिहावे. आकडे आपले आणि खरे असावेत. ऐकीव माहिती एक जरी सापडली तरी बाकीच्या मजकुराची पत जाते.

तयार नमुन्यावर फक्त नाव बदलून पाठवलेली पत्रे मी नाउमेद करणार नाही, परंतु खाते एकसारखी पत्रे एकत्र करून एकच मुद्दा म्हणून मोजते, हे माहीत असावे. संख्येपेक्षा वेगळेपणाला वजन आहे. सरकारी मदतीची गरज पडू शकेल अशा स्थलांतरितांना ग्रीन कार्ड नाकारण्याची व्याप्ती वाढवणारा ‘पब्लिक चार्ज’ नियम ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रस्तावित झाला, तेव्हा २,६६,००० हून अधिक अभिप्राय आले आणि त्यांतील बहुसंख्य विरोधात होते. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये नियम अंतिम झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कुटुंबे घाबरून मुलांचीही मदत सोडून देतील, त्याचा भार राज्यांवर आणि सार्वजनिक आरोग्यावर पडेल, अशा ज्या इशाऱ्यांनी ती पत्रे भरली होती, त्यांचा खात्याने पुरेसा विचार केला नाही हा मुद्दा न्यायालयांत टिकला, आणि मार्च २०२१ मध्ये तो नियम इतिहासजमा झाला.

अभिप्राय सार्वजनिक होतो आणि एकदा प्रसिद्ध झाला की परत घेता येत नाही, म्हणून त्यात पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी किंवा ए-क्रमांक (इमिग्रेशनसाठी दिलेला ओळख क्रमांक), घरचा पत्ता, नोकरीच्या ठिकाणाचे नाव असे काहीही लिहू नये. व्हिसावर असलेल्या नातलगाची हकिकत सांगायची असेल तर त्याची परवानगी घ्यावी आणि नाव गाळावे. ‘माझा धाकटा भाऊ’ एवढे पुरते. अभिप्राय देण्यासाठी नागरिक असणे आवश्यक नाही आणि निनावीही लिहिता येते. पण व्हिसावरील माणसाला काळजी वाटत असेल तर त्याने वकिलाला विचारून ठरवावे, त्याला आग्रह करू नये. त्याचा अनुभव नागरिकाने आपल्या नावाने मांडणे हाच खरा मदतीचा मार्ग आहे.

मंडळे आणि मंदिरे करमुक्त संस्था असल्याने त्यांचे विश्वस्त ‘राजकारण नको’ म्हणून मागे सरतात. उमेदवाराचा प्रचार त्यांना निषिद्ध आहे हे खरे. मात्र खात्याच्या मसुद्यावर संस्थेच्या नावाने अभिप्राय देणे यात कायद्याची आडकाठी नाही, आणि करविभागाच्या व्याख्येनुसार ते विधेयकासाठीच्या लॉबिंगमध्येही मोडत नाही. कार्यकारिणीने ठराव करून एक पत्र पाठवावे आणि सभासदांना लिहायला बसवण्यासाठी एक शनिवार राखून ठेवावा.

फारसे ठाऊक नसलेले आणखी एक दार आहे. मोठे नियम प्रसिद्ध होण्याआधी व्हाइट हाउसच्या अंदाजपत्रक कार्यालयातील ओआयआरए या विभागाकडे तपासणीला जातात. मसुदा तिथे असताना कुणीही नागरिक भेटीची वेळ मागू शकतो; बहुधा अर्ध्या तासाची फोनवरची किंवा व्हिडिओवरची बैठक मिळते. समोरचे अधिकारी फक्त ऐकतात, उत्तर देत नाहीत, पण बैठकीची नोंद जाहीर होते. एच-४ जोडीदारांची कामाची परवानगी काढून घेण्याचा प्रस्ताव फेब्रुवारी २०१९ मध्ये या विभागाकडे पोहोचला, प्रसिद्ध न होता तिथेच पडून राहिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये मागे घेण्यात आला.

कायदाच बदलायचा असेल तर काँग्रेसकडे जावे लागते. आपला एक प्रतिनिधी आणि दोन सिनेटर ही तिघेच माणसे आपले ऐकायला बांधलेली आहेत. दुसऱ्या मतदारसंघातील नेत्याला, तो मराठी बोलणारा असला तरी, आपल्या पत्राचे सोयरसुतक नसते. कॅपिटलच्या स्विचबोर्डवर, म्हणजे २०२-२२४-३१२१ या क्रमांकावर, फोन करून तिघांचीही कार्यालये जोडून मिळतात. फोनवर नाव, गाव आणि झिप कोड सांगून एकच मागणी एका मिनिटात मांडावी. त्याहून परिणामकारक आहे ती मतदारसंघातील कार्यालयात घेतलेली प्रत्यक्ष भेट. तिथे स्वतः प्रतिनिधी भेटेलच असे नाही, इमिग्रेशनचा विषय सांभाळणारा कर्मचारी भेटेल. पण पुढे टिपण तोच लिहीत असल्याने त्याला कमी लेखू नये. चार-पाच जणांनी जावे, एकाने बोलावे, एकाने स्वतःचा अनुभव सांगावा, विधेयकाचा क्रमांक आणि मागणी लिहिलेले एक पान देऊन यावे, आणि आठवड्याच्या आत ईमेलने पुन्हा आठवण करावी. स्वतःच्या नातलगाच्या अडकलेल्या अर्जाचे काम आणि धोरणाचे काम एकाच भेटीत मिसळू नये; अर्जासाठी त्या कार्यालयाकडे वेगळा संमतिपत्राचा फॉर्म असतो आणि तो अर्जदाराने स्वतः सही करून द्यायचा असतो.

इथे चिकाटी किती लागते हे ग्रीन कार्डांची देशनिहाय मर्यादा उठवण्याच्या विधेयकावरून दिसते. १० जुलै २०१९ रोजी ते प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. सिनेटने २ डिसेंबर २०२० रोजी त्याचे वेगळे रूप एकमताने संमत केले. दोन्ही सभागृहांचा मजकूर एक झाला नाही आणि जानेवारी २०२१ मध्ये ती काँग्रेस संपल्याबरोबर विधेयकही संपले. म्हणून दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसली की विधेयकाचा नवा क्रमांक शोधावा, आणि प्रतिनिधीला भेटून थांबू नये. दोन्ही सिनेटरांचीही गाठ घ्यावी.

भेटीत एक प्रश्न हमखास येतो. एकूण ग्रीन कार्डे तेवढीच राहिली आणि फक्त मर्यादा उठली, तर इतर देशांच्या लोकांची रांग वाढेल, त्यांचे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळ करू नये. एकूण संख्या वाढवावी, किंवा पती-पत्नी आणि मुलांना त्या संख्येत मोजू नये, ही मागणी सोबत ठेवली तर आपली बाजू दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणारी ठरत नाही. ‘आम्ही कायदेशीर मार्गाने आलो, ते तसे आले नाहीत’ हे वाक्यही मी आपल्या लोकांच्या तोंडी वारंवार ऐकतो आणि ते सोडून द्यावे असे कळकळीने सांगतो. आपल्या हक्कांसाठीही कधीकाळी दुसऱ्यांनाच बोलावे लागले होते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले होते. त्यानंतर ज्यांना मत नव्हते अशा त्या लोकांसाठी काँग्रेसमध्ये बोलणारे क्लेअर बूथ लूस आणि इमॅन्युएल सेलर हे जन्माने अमेरिकी नागरिक होते. जे. जे. सिंग यांच्या इंडिया लीग या संघटनेने अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर २ जुलै १९४६ रोजी भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला अवघ्या १०० जणांचा कोटा मिळाला. त्या कायद्यामुळे नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये काँग्रेसवर निवडून गेले.

स्थानिक वृत्तपत्राला दोनशे शब्दांचे पत्र लिहिणेही उपयोगी आहे, विशेषतः त्यात आपल्या प्रतिनिधीचे नाव घेतले असेल तर, कारण आपल्या नावाचा उल्लेख कुठे आला आहे यावर त्याचे कार्यालय लक्ष ठेवून असते. शांततेने निदर्शने करण्याचा हक्क घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेला आहेच.

अभिप्राय दिल्यावर संकेतस्थळ एक मागोवा क्रमांक देते. तो आणि पाठवलेल्या पत्राची प्रत जपून ठेवावी. अंतिम नियम प्रसिद्ध झाला की त्याची प्रस्तावना उघडून आपण मांडलेला मुद्दा तिथे आहे का आणि त्याला काय उत्तर दिले आहे, हे वाचावे. ती प्रस्तावना शेकडो पानांची असली तरी विषयवार मथळ्यांमुळे हवी ती जागा लवकर सापडते. उत्तरच दिलेले नसेल, किंवा विचारले एक आणि सांगितले भलतेच असे झाले असेल, तर त्या नियमाविरुद्ध खटला चालवणाऱ्या संस्थेच्या वकिलांना मागोवा क्रमांकासह तसे कळवावे. न्यायालयासमोर जाणाऱ्या प्रशासकीय नोंदीत आपले पत्र आधीपासूनच असते. त्यातील नेमके कोणते पान उघडायचे, हे त्यांना आपण सांगायचे असते.